अनामिका

बावीस वर्षं मी लोकांची बोटं टोचत आले.
जालन्यात, सिंधी बाजाराच्या मागं, जिन्याखालची लॅब.
डाव्या हाताची अनामिका धरायची, स्पिरिटचा बोळा,
"इकडं बघू नका", आणि टच्.
स्टील मिलवरच्या माणसांना दोनदा टोचावं लागतं,
त्यांच्या कातड्याखाली रक्त
उन्हाळ्यातल्या विहिरीइतकं खोल असतं.

गिटार घेतली ती झुंबर कंपाउंडरच्या पोराची,
बावीसशे रुपये, पिशवीसकट.
तो आठ दिवसांत वैतागला होता.
मी सत्तेचाळीसची.
घरी सांगितलं, भाचीला द्यायचीय.
भाचीला तेवढं खरं सांगितलं.

एलिशा साळवे सर मिशन कंपाउंडात शिकवतात,
चिंचेखाली, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या.
पहिल्या दिवशी त्यांनी आधी माझी नखं बघितली.
"डाव्या हाताची काढा. उजव्याची राहू द्या थोडी."
मग एकच तार दाबायला लावली, पंधरा मिनिटं.
वाजली नाही, खरखरली,
रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मधे अडकावा तशी.
"फ्रेटच्या लगत दाबा. फ्रेटवर नको."
लगत म्हणजे किती,
हे सांगता येत नाही म्हणाले, बोटाला कळतं.
माझ्या बोटाला दुसऱ्याचं दुखणं कळत होतं फक्त,
तेही नोकरीपुरतं.

आमच्या नळाला दहाव्या दिवशी पाणी येतं,
तेही रात्री दोनला, अडीचला, त्याच्या मर्जीनं.
जागायचंच आहे तर म्हणून
हौदाच्या कठड्यावर बसते गिटार घेऊन,
मोटारीचा पाइप पायाशी.
ए मायनर. ई मायनर. ए मायनर.
एकावरून दुसऱ्यावर जाताना मधे जो खड्डा पडतो
तो बुजवायला मला पोळा ते दिवाळी लागली.
भिंतीपलीकडून कौसाबाई:
"काय वाजवायलीस गं एवढ्या रातचं?
एकच एक तर वाजवायलीस."
"एक नाही मावशी, दोन आहेत."
"मला तर बाई एकच ऐकू यायलंय."
मी गिटार पालथी ठेवली, आणि जरा वेळानं
हळू, अजून हळू, पुन्हा.

पेरं आधी लाल झाली, मग त्यांच्यावर रेघा उठल्या,
मग साल निघाली कांद्याच्या पापुद्र्यासारखी.
आता भाकरी उलटताना
चटका थोडा उशिरा पोचतो.

एफ मात्र येत नाही.
पहिलं बोट आडवं, सहाच्या सहा तारांवर, उंबऱ्यासारखं.
अंगठा मागून रेटतो, मनगटात कळ,
पाच तारा बोलतात,
एक तोंडाला पदर लावून बसते.
रोज निराळी.
सरांना विचारलं, तुम्हाला किती दिवस लागले?
त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला.
"वडलांना माझ्या कधीच आला नाही.
चाळीस वर्षं चर्चमध्ये वाजवली त्यांनी.
एफ आला की खोकायचे."

परवा लॅबमधल्या सगळ्यांचंच हिमोग्लोबिन करायचं निघालं.
तबस्सुम नवी आहे, हात अजून थरथरतो.
"मॅडम, डावा द्या."
टोचलं. थेंब नाही.
परत टोचलं. ती माझ्याकडं बघायला लागली.
"मिलमध्ये जाता काय हो तुम्ही?"
मी बोट मुळापासून दाबत आणलं,
थेंब आला, सावकाश, काळपट, गोल,
आणि मला उगाच कुणाला तरी दाखवावासा वाटला.
साडेनऊ निघालं. गोळ्या सुरू केल्यात.

आज पाण्याचा दिवस. म्हणजे कालच होता.
कौसाबाईंचा लाइट बंद, पण त्या जाग्या आहेत,
बांगड्या वाजल्या मघाशी.
एफ धरलाय.
वरून खाली एकेक तार.
सहावी आहे. पाचवी. चौथी आहे. तिसरीसुद्धा.
दुसरी मुकी.
बोट गव्हाच्या दाण्याएवढं वर सरकवते,
नळ हवा सोडायला लागलाय, फुस्स, फुस्स,
उठायला हवं, मोटार लावायला हवी,
आणि मी खोकते.